ट्रान्सफर केस की हब? फोर बाय फोर लागत नाही तेव्हा दोष नेमका कुठे असतो

पावसाळा सुरू झाला की तीच तक्रार पुन्हा ऐकू येते: "फोर-एच लावलं, डॅशबोर्डवर दिवा लागला, पण पुढची चाकं ओढतच नाहीत." (फोर-एच म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी स्थिती.) आणि उत्तरही ठरलेलं असतं: "ट्रान्सफर केस गेला." मग ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या चाकांकडेही वळवणारा डबा) खाली उतरतो, चेन, फोर्क, बेअरिंग बघून होतात, मोठं बिल येतं आणि गाडी पहिल्याच चिखलात पुन्हा तशीच अडकते. कारण बिघाड पुढच्या चाकाच्या हबमध्ये होता आणि तिकडे कुणी पाहिलंच नाही.

हे पार्ट-टाइम, म्हणजे पुढची चाकं गरजेपुरतीच जोडायच्या, फोर बाय फोर गाड्यांबद्दल आहे: जिप्सी, जिमनी, जुन्या जीप, बोलेरो आणि स्कॉर्पिओची फोर बाय फोर मॉडेल. ऑल व्हील ड्राइव्हच्या एसयूव्हीमध्ये बहुधा ट्रान्सफर केसची लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) नसते, पुढचे हबही सुटत नाहीत. तिथली दुखणी वेगळी, ती इथे मिसळू नका.

ट्रान्सफर केसचं काम बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. गिअरबॉक्समधून आलेली ताकद मागच्या शाफ्टला कायम जाते. फोर-एच लावलं की आतला फोर्क स्लीव्ह सरकवतो आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ताकद पुढे नेणारा लांब दांडा) मागच्याशी जोडला जातो. फोर-एलमध्ये वेग कमी आणि जोर जास्त. ट्रान्सफर केसचा अधिकार पुढच्या शाफ्टपर्यंतच चालतो.

शाफ्टपासून पुढे डिफरन्शिअल (ताकद डाव्या-उजव्या बाजूंत वाटणारे गिअर), दोन बाजूंचे अ‍ॅक्सल शाफ्ट आणि शेवटी हब. हब सुटा असेल तर चाक अ‍ॅक्सलशिवाय मोकळं फिरतं, म्हणून टू-एचमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) पुढचा अ‍ॅक्सल नुसता उभा राहतो. हब लॉक झाला की चाक आणि अ‍ॅक्सल एकत्र फिरतात. काही गाड्यांत हब हाताने फिरवायचे असतात, त्यावर फ्री आणि लॉक अशा खुणा असतात. काहींत इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारे हब असतात, जिमनीत आणि जुन्या स्कॉर्पिओ फोर बाय फोरमध्ये तसे आहेत.

एक हब सुटला की दोन्ही चाकं गेली

सगळा घोळ होतो तो इथे. बहुतेकांना वाटतं, डावा हब लॉक झाला नाही तरी उजवं चाक ओढेल, म्हणजे फोर बाय फोर नाही तर निदान थ्री बाय फोर मिळेल. तसं होत नाही. डावा हब सुटा असेल तर उजव्या चाकालाही काही मिळत नाही.

कारण पुढचं डिफरन्शिअल साधं, उघडं (लॉक नसलेलं) असतं. उघडं डिफरन्शिअल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं आणि तो जोर किती, हे कमी अडणारी बाजू ठरवते. डावा हब सुटा असला की डाव्या अ‍ॅक्सल शाफ्टला अडवणारं काहीच उरत नाही. तो हवेत फिरतो, जोर जवळजवळ शून्य, म्हणून उजवीकडेही शून्य. पुढे आलेली सगळी फिरकी त्या मोकळ्या शाफ्टमध्ये जाते. ड्रायव्हरला बाहेरून दिसतं ते एवढंच की मागचं चाक चिखल उडवतंय आणि पुढची दोन्ही चाकं गप्प आहेत. त्यावरून तो म्हणतो, "पुढे पॉवरच येत नाही." पॉवर पुढच्या शाफ्टपर्यंत आलेली असते. ती एका फुकट फिरणाऱ्या अ‍ॅक्सलमध्ये संपते.

म्हणून "दोन्ही पुढची चाकं ओढत नाहीत, म्हणजे दोष दोघांच्या आधीच्या भागात असणार, म्हणजे ट्रान्सफर केस" हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो आणि इथे साफ चुकतो. एका बाजूचा व्हॅक्यूमचा पाइप फाटला, एकच हब जाम झाला किंवा हाताने फिरवायच्या हबची एका बाजूची चकती फ्री आणि लॉकच्या मध्ये राहिली, एवढं पुरतं.

दिव्यावरही विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो ट्रान्सफर केसवरच्या स्विचमुळे लागतो, फोर्क सरकला एवढंच तो सांगतो. ज्या गाडीत व्हॅक्यूमचा स्विचही जोडलेला असतो तिथे तो पाइपमधला व्हॅक्यूम मोजतो. हबमधले दात एकमेकांत बसले की नाही, हे कोणताच दिवा सांगत नाही.

आधी एवढं पाहा

चिखलात एक पुढचं आणि एक मागचं चाक तिरप्या कोनात फिरत असेल तर फोर बाय फोर लागलेलं आहे. उरलेली दोन चाकं थांबली आहेत ती उघड्या डिफरन्शिअलमुळे. त्याला डिफ लॉक (डिफरन्शिअलच्या दोन्ही बाजू एकत्र जखडणारी यंत्रणा), नाहीतर टायरखाली दगड. पुढचं एकही चाक हलत नसेल तरच खालची तपासणी करा.

एक जॅक, एक चाक, चार उत्तरं

यासाठी ट्रान्सफर केस उघडायची गरज नाही. सपाट जागा घ्या. मोकळ्या मातीवर किंवा खडीवर इंजिन चालू ठेवून फोर-एच लावा आणि गाडी सरळ रेषेत पाच-दहा मीटर चालवा, म्हणजे दात बसायला संधी मिळते. हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्हीकडे लॉक करा आणि चकती खुणेपर्यंत पूर्ण गेली की नाही ते बोटाने तपासा. मग इंजिन बंद, ट्रान्सफर केस फोर-एचमध्येच, गिअर पहिल्यात, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. आता पुढचं एकच चाक जॅकने उचला आणि अ‍ॅक्सलखाली घोडी लावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका.

उचललेलं चाक दोन्ही हातांनी फिरवा आणि दुसऱ्या माणसाला तीन जागा बघायला सांगा: त्या चाकामागचा अ‍ॅक्सल शाफ्ट, पुढचा प्रोपेलर शाफ्ट आणि समोरच्या, म्हणजे विरुद्ध, बाजूचा अ‍ॅक्सल शाफ्ट.

चाक दोन-चार बोटं हलून ठक्कन थांबलं, तर सगळं जोडलेलं आहे. मागची चाकं आणि समोरचं पुढचं चाक जमिनीवर अडलेलं आहे, म्हणून हेही अडतं. तुमची तक्रार टायर, डिफ लॉक नसणं किंवा गाडी चालवण्याच्या पद्धतीशी निगडित आहे.

चाक फिरलं पण त्याच्यामागचा अ‍ॅक्सल शाफ्ट जागच्या जागी राहिला, तर दोष याच चाकाच्या हबमध्ये आहे.

चाक फिरलं, त्याचा अ‍ॅक्सल शाफ्टही फिरला, पण प्रोपेलर शाफ्ट स्थिर आहे, तर विरुद्ध बाजूचा हब सुटा आहे. तिकडचा अ‍ॅक्सल शाफ्ट उलट दिशेने फिरताना दिसेल. दोष नेहमी उचललेल्याच बाजूला शोधण्याची सवय असते, त्यामुळे हे उत्तर सगळ्यात जास्त वेळा हुकतं.

चाक, अ‍ॅक्सल शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट तिन्ही फिरले, तरच ट्रान्सफर केस जोडला जात नाही असं म्हणा. डिफरन्शिअलचं गुणोत्तर चारच्या आसपास असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट साधारण दोन फेरे घेतो, त्यामुळे नजरेतून सुटत नाही. अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेरच्या सांध्यापर्यंत फिरतो आणि आत थांबतो असं दिसलं तर सांधा किंवा शाफ्टच तुटलेला आहे.

हीच तपासणी दुसरं पुढचं चाक उचलून पुन्हा करा. दोन्ही बाजूंचं उत्तर जुळलं की निदान पक्कं.

नव्या थारला चाकात असे हब नाहीत. पुढच्या अ‍ॅक्सलवर एकाच बाजूचा शाफ्ट जोडणारी-सोडणारी इलेक्ट्रिक यंत्रणा आहे. तर्क तोच, एक बाजू सुटली की दोन्ही गेल्या. पण चाकामागचा शाफ्ट नेहमीच चाकाबरोबर फिरेल, त्यामुळे वरचं दुसरं उत्तर तिथे लागू होत नाही.

दोष हबमध्ये असेल तर

व्हॅक्यूम हबमध्ये हब स्वतः बिघडण्याआधी बहुतेकदा गळती होते. पाइप चाकाजवळ जातो तिथे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरला घासतो, उन्हाने रबर तडकतं, सोलेनॉइडच्या (व्हॅक्यूम सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) तोंडाशी पाइप सैल होतो. व्हॅक्यूमच्या हातपंपाने हबकडच्या पाइपला ४०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास व्हॅक्यूम द्या आणि एक मिनिट काटा बघत राहा. काटा पडत गेला तर पाइप, नकलमधलं (चाक वळवणाऱ्या सांध्यातलं) सील किंवा हबचा पडदा यांपैकी काहीतरी गळतंय. काटा स्थिर आहे आणि हब तरीही लागत नाही, तर आतली यंत्रणा जाम आहे. हबकडे काहीच व्हॅक्यूम येत नसेल तर उलटं जा: सोलेनॉइडला १२ व्होल्ट येतात का, फ्यूज ठीक आहे का, व्हॅक्यूमचा उगम ठीक आहे का. फोर-एच लावताना सोलेनॉइडचा "टिक" आवाज कानाला येतो.

चाकाच्या बेअरिंगचं काम झाल्यावर हब बंद पडला असेल तर आधी सील बघा, ते उलटं किंवा तिरकं बसलेलं असतं. आणि ग्रीस. बेअरिंगमध्ये भरतात तसं ग्रीस हबमध्ये कोंबणं ही या कामातली सगळ्यात वाईट सवय आहे. घट्ट ग्रीसमुळे सरकता भाग अर्ध्यातच थांबतो. तिथे पातळसा थर पुरे. जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन काढा, वाळवा, मग हलका हात फिरवा.

कोकणात किनाऱ्याच्या वाळूत किंवा खाडीच्या पाण्यात गाडी नेली असेल तर हब त्याच आठवड्यात उघडून बघा. खारं पाणी सीलमधून आत गेलं की दातांवर गंज चढतो आणि पुढच्या पावसाळ्यात हब लागत नाही.

दोष ट्रान्सफर केसमध्ये असेल तर

इथेही आधी केस खोलू नका. लिव्हरच्या गाडीत लिव्हरखालचे बुश झिजलेले असतात, लिव्हर पूर्ण मागे येतो पण फोर्क अर्धाच सरकतो. खाली झोपून दुसऱ्याला लिव्हर हलवायला सांगा आणि केसवरच्या टोकाची हालचाल बघा. बटणाच्या गाडीत शिफ्ट मोटरच्या कनेक्टरमधलं पाणी आणि हिरवट गंज हे नेहमीचं कारण. मोटरची गुणगुण ऐकू येते का ते आधी ऐका.

फोर-एलसाठी गाडी पूर्ण थांबलेली आणि गिअर न्यूट्रलमध्ये हवा. तरी लागलं नाही तर दात समोरासमोर आलेत, गाडी थोडी सरकू द्या आणि पुन्हा लावा, जोर लावू नका. फोर-एच सुटत नसेल तर डांबरी रस्त्यावर चालवल्याने शाफ्टमध्ये ताण साठलाय, सरळ रेषेत दोन-तीन मीटर मागे घ्या. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले नसतील तर हा ताण पुन्हा पुन्हा येईल. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच भरा. काही ट्रान्सफर केसना गिअर ऑइल लागतं, काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), आणि "जाड ऑइल चांगलं" या समजुतीने शिफ्ट जड होतो.

हाताने फिरवायचे हब बसवताना

व्हॅक्यूम हब वारंवार त्रास देत असतील तर हाताने फिरवायचे हब बसवावेत असं माझं ठाम मत आहे. बिघडू शकणारे भाग कमी होतात आणि हब लॉक आहे की नाही हे डोळ्याला दिसतं. बसवल्यावर रिकामे झालेले व्हॅक्यूम पाइप घट्ट बंद करा, नाहीतर पेट्रोल इंजिनमध्ये बाहेरची हवा आत शिरून आयडलिंग बिघडतं. ज्या गाडीत व्हॅक्यूमचा स्विच आहे तिथे फोर बाय फोरचा दिवा लुकलुकत राहू शकतो, त्याची तजवीज आधीच करून घ्या.

आणि हब लॉक करून डांबरी रस्त्यावर चालवलं तर अ‍ॅक्सल तुटेल ही भीती मनातून काढून टाका. हब लॉक, ट्रान्सफर केस टू-एच, या स्थितीत पुढचा अ‍ॅक्सल नुसता फिरतो, पेट्रोल-डिझेल थोडं जास्त जळतं, एवढंच. घात होतो तो हब लॉक आणि फोर-एच दोन्ही लावून कोरड्या डांबरावर वळणं घेतली की. घाटात पाऊस थांबून पुन्हा सुरू होत असेल तर पायथ्यालाच हब लॉक करून ठेवा आणि गरजेप्रमाणे फक्त लिव्हर हलवा.