मागच्या शॉकमध्ये हवा किती?

माउंटन बाइकच्या मागच्या एअर शॉकला, म्हणजे धक्के शोषणाऱ्या हवेच्या नळकांड्याला, पंप लावला की काटा सहज दीडशे-दोनशे पीएसआयपर्यंत जातो. त्याच सायकलच्या टायरमध्ये मात्र जेमतेम 25 पीएसआय असतात. एवढी हवा लागते ती फ्रेमच्या जोडणीमुळे. बऱ्याच ट्रेल बाइकवर चाक 150 मिमी वर येतं तेव्हा शॉक दबतो फक्त 55 मिमी. अंतर पावणेतीन पट कमी झालं की जोर तितक्याच पटीने वाढतो. मागच्या चाकावर 45 किलोंचा भार असेल तर शॉकच्या लहानशा दट्ट्याला सुमारे 120 किलो पेलावे लागतात.

चालवणाऱ्याचं वजन, फ्रेमची रचना, शॉकचं माप या सगळ्यावर हवा ठरते, त्यामुळे मित्राच्या शॉकमधला आकडा आपल्या कामाचा नाही. मोजायचा तो सॅग, म्हणजे आपण नुसते सायकलवर बसल्यावर शॉक किती दबतो ते. ट्रेलसाठी साधारण 30 टक्के; 55 मिमीच्या शॉकवर साडेसोळा मिमी. एवढा दबलेला शॉक हवाच, कारण चाकाला दगडावर चढण्याइतकंच खड्ड्यात खाली उतरायचंही असतं. ते उतरलं नाही तर टायर जमीन सोडतो, आणि ब्रेक व पकड दोन्ही जातात.

मोजताना हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी सगळं अंगावर हवं. भिंतीला टेकून बसा, शॉकवरची रबरी ओ-रिंग सीलपर्यंत सरकवा, सायकल न हलवता हळूच उतरा आणि ओ-रिंग सीलपासून किती सरकली ते पट्टीने मोजा. हवा भरताना मध्येमध्ये शॉक आठ-दहा वेळा सावकाश दाबायचा. आत दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूलाही हवेचा एक छोटा कप्पा असतो. दाबल्याशिवाय तिकडे हवा पोचत नाही आणि काटा फसवा आकडा दाखवतो. पंप काढताना होणारा फुस्स आवाज नळीतल्या हवेचा असतो, त्याने घाबरू नये.

तापमानही लक्षात ठेवावं. पहाटे 15 अंशांवर भरलेले 180 पीएसआय दुपारी 35 अंशांवर 193 च्या आसपास जातात. त्यामुळे सॅग त्या दिवसाच्या हवेत तपासलेला बरा.

हवा ठरल्याशिवाय रिबाउंडच्या लाल नॉबला हात लावू नये. रिबाउंड म्हणजे दबलेला शॉक परत उघडणं; नॉब जितका बंद, तितकं ते सावकाश. दबलेली हवा साठवलेली ऊर्जा परत देते, आणि तिचा काही भाग आतलं तेल अरुंद वाटेने जाताना उष्णता करून संपवतं. हवा जास्त, तर उसळीही जास्त. म्हणून वजनदार माणसाला रिबाउंड जास्त बंद ठेवावा लागतो. बसूनच फुटपाथवरून खाली उतरून पाहा. मागची बाजू वर येऊन लगेच स्थिर झाली तर ठीक, पुन्हा हिंदकळली तर एक-दोन क्लिक बंद करा. फार बंद केलात तर ओळीने दगड लागल्यावर शॉक पूर्ण उघडायच्या आत पुढचा दगड येतो, आणि तो खाली खाली रुतत जाऊन लाकडासारखा कडक लागतो.

सॅग बरोबर असूनही साध्या वाटेवर ओ-रिंग शेवटपर्यंत जात असेल तर हवा वाढवू नका. आत प्लास्टिकचा स्पेसर बसवा. हवेला जागा कमी उरली की सुरुवातीचा मऊपणा जवळपास तसाच राहतो आणि शेवटच्या टप्प्यात दाब झपाट्याने चढतो. अवघड उतारानंतरही दहा मिमी शिल्लक राहत असतील तर एक स्पेसर काढून टाका.