मे महिन्यातला जुना कॉम्प्युटर आणि हलका एक्सएफसीई

बाहेर 45 अंश आणि कूलर लावूनही खोलीत 36, हे नागपूरच्या मे महिन्यात नेहमीचंच. प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) आपली उष्णता खोलीतल्या हवेलाच देतो आणि ती किती भराभर देईल, हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. म्हणून जानेवारीत 20 अंशांच्या खोलीत 60 वर चालणारा प्रोसेसर तेवढंच काम करताना मे महिन्यात साधारण 76 वर जातो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळलेली असली, पंख्यात धूळ बसलेली असली, तर आणखी वर. 100 च्या आसपास पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो कॉम्प्युटर हँग होतोय.

खोली आणखी थंड करणं आपल्या हातात नसतं, पण प्रोसेसरचं बिनकामाचं काम कमी करता येतं. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. अशा मशीनसाठी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई आवृत्ती चांगली. एक्सएफसीई म्हणजे तिच्यावरचा हलका डेस्कटॉप. किमान रॅम 2 जीबी, नीट चालायला 4 जीबी. आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवून घ्या, चेकसम (फाइल नीट उतरली का हे सांगणारा आकडा) जुळतो का पाहा, मग ती 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहा आणि आधी लाइव्ह, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच, चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. मगच इन्स्टॉल. पैसे खर्च करायचेच असतील तर रॅमच्या आधी साधी साटा एसएसडी घ्या. फिरती हार्ड डिस्क एका सेकंदात विखुरलेल्या जागांवरून शंभरेक वेळाच वाचू शकते, एसएसडी हजारो वेळा.

ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी 1996 मध्ये सुरू केलेला एक्सएफसीई बाहेरून एकसंध दिसला तरी आत पाच-सहा वेगवेगळे प्रोग्राम असतात. विंडोंच्या चौकटी विंडो मॅनेजर सांभाळतो, पॅनेल (मेनू आणि घड्याळाची पट्टी) दुसरा, वॉलपेपर आणि आयकॉन तिसरा, फाइली थुनार नावाचा प्रोग्राम आणि सेटिंग्जची नोंद आणखी एक. डेस्कटॉपमध्ये काहीही बदलायचं किंवा दुरुस्त करायचं असो, हे खातं कोणाचं आहे ते आधी ओळखा. निम्मं काम तिथेच होतं.

सावल्या आणि पारदर्शकता हे विंडो मॅनेजरमधल्या कंपोझिटरचं खातं. तो चालू असताना प्रत्येक विंडो आधी मेमरीत वेगळी रंगवली जाते आणि मग सगळ्या एकत्र करून पडद्यावर येतात. जुन्या ऑनबोर्ड ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, ती मुख्य रॅमच वापरते, म्हणजे या नटण्यामुरडण्याचा भार तिच्यावरच पडतो. सेटिंग्जमध्ये 'विंडो मॅनेजर ट्वीक्स', त्यात 'कंपोझिटर' आणि तिथली पहिली खूण काढा. व्हिडिओ पाहताना चित्र आडवं फाटल्यासारखं दिसू लागलं तर ती परत लावा आणि फक्त सावल्या बंद करा. मात्र यातून चमत्काराची अपेक्षा नको. वीस टॅब उघडलेला ब्राउझर अख्ख्या डेस्कटॉपपेक्षा कितीतरी जास्त रॅम खातो. रॅम मोजताना 'फ्री'चा आकडा बघून घाबरू नका, 'अव्हेलेबल' बघा. रिकामी रॅम लिनक्स डिस्कवरच्या फाइली हाताशी ठेवायला वापरतं आणि गरज पडताच मोकळी करतं.

तापमान पॅनेलवरच दिसायला हवं. त्यासाठी एलएम-सेन्सर्स (तापमान वाचणारा प्रोग्राम) आणि एक्सएफसीईचं सेन्सर्स प्लगइन टाका, मग पॅनेलवर राइट क्लिक करून 'अ‍ॅड न्यू आयटम्स'. यादीतली फक्त प्रोसेसरची ओळ निवडा आणि ताजं करण्याची वेळ 10 सेकंद ठेवा, कारण दर सेकंदाला तापमान विचारणं हेही कामच. इंटेलच्या चिपमधला सेन्सर थेट तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढंच तो सांगतो आणि वजाबाकी ड्रायव्हर करतो. त्यामुळे 90 च्या वरचा आकडा बऱ्यापैकी खरा, 35 चा ढोबळ. मदरबोर्डच्या ओळींत मधूनच 127 किंवा उणे 60 असलं काही दिसतं, ते बहुधा कशालाच न जोडलेल्या टोकाचं असतं. मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते आणि नंतर हवामान खात्याने सेन्सरमध्येच बिघाड असल्याचं सांगितलं. यंत्राचा आकडा वाचताना एवढा संशय बाळगावाच. पॅनेलवर हवामानाचं प्लगइनही बसतं. ते नागपूरचं तापमान नॉर्वेच्या हवामान संस्थेकडून आणतं, पण तो अंदाज आहे, तुमच्या गच्चीवरचं मोजमाप नव्हे.

साधं टायपिंग चालू असताना आकडा 85 च्या वर राहिला तर डेस्कटॉपवरचे उपाय संपले. कॅबिनेट उघडा, पंख्याची पाती बोटाने धरून धूळ उडवा (हवेच्या झोताने पंखा गरगर फिरू देऊ नका), थर्मल पेस्ट बदला. खोलीतला कूलर आणि कॉम्प्युटर एकाच स्विचबोर्डवर असतील तर ते वेगळे करा. कूलरची मोटार सुरू होताना क्षणभर व्होल्टेज पडतं आणि यूपीएस नसलेलं मशीन तेवढ्यात रीस्टार्ट होतं.

मराठीसाठी 'कीबोर्ड' सेटिंगमध्ये 'लेआउट' टॅबवर जा आणि 'युज सिस्टिम डिफॉल्ट्स' आधी बंद करा. ते चालू असताना खालची बटणं दबतच नाहीत आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी येत असेल तर 'मराठी, एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट' घ्या, उच्चाराप्रमाणे टाइप करायचं असेल तर 'मराठी, कगप'. एका वेळी चारच लेआउट ठेवता येतात. इंग्रजी, मराठी आणि हिंदी धरूनही एक जागा उरते, म्हणजे नागपूरकरांची अडचण नाही.

अक्षरं बारीक किंवा फिकी वाटली तर 'अपिअरन्स'मधल्या 'फॉन्ट्स'वर हिंटिंग 'स्लाइट' ठेवा. यात अक्षर फक्त उभ्या दिशेने पिक्सेलच्या ओळीवर बसवलं जातं. शिरोरेघ आडवी असल्यामुळे ती नेमकी एका ओळीवर येते आणि ठसठशीत दिसते. मात्रा वाचता येत नसतील तर डीपीआय (अक्षरांचा आकार ठरवणारा आकडा) 96 वरून 108 करा. आता उरले ल आणि श. 2009 च्या शासन निर्णयातला पाकळीदार ल आणि देठाचा श हवा असेल तर नुसता फॉन्ट बदलून भागेलच असं नाही. एकाच फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं असू शकतात आणि कोणतं उमटेल हे मजकुरावरच्या भाषेच्या खुणेवरून ठरतं. लिबरऑफिसमध्ये परिच्छेदाची भाषा हिंदी राहिली असेल तर मराठी लिहूनही हिंदी वळणाचा ल येतो. भाषा मराठी करून पाहा.

आता बिघाडांविषयी. सगळ्या विंडोंच्या वरच्या पट्ट्या गायब झाल्या तर विंडो मॅनेजर पडला असं समजा. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं की तो उठतो. पॅनेल विस्कटणं त्याहून नेहमीचं, म्हणून ते मनासारखं लागलं की 'पॅनेल प्रेफरन्सेस'मधल्या 'बॅकअप अँड रिस्टोअर'मध्ये त्याची प्रत ठेवा. सेटिंग्ज होम फोल्डरमधल्या 'कॉन्फिग' या लपवलेल्या फोल्डरात साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. थुनारमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतात. पण लॉगिन असताना त्या फाइलींना हात लावू नका. सेटिंग्जचा प्रोग्राम त्याच नोंदी मेमरीत धरून बसलेला असतो आणि आपली प्रत तुमच्या बदलांवर लिहून मोकळा होतो.

प्रत्येक लॉगिनला पॅनेलच येत नसेल तर संशय जतन केलेल्या सेशनवर घ्या. लॉगआउट करताना 'सेव्ह सेशन' वर खूण राहिली की त्या क्षणी जे चालू होतं तेवढंच पुढच्या वेळी उठवलं जातं. पॅनेल तेव्हा पडलेलं असेल तर ते न उठणंच जतन होतं. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून सेटिंग्ज उघडा, 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये जतन केलेली सेशन पुसा आणि लॉगआउटच्या वेळी ती खूण काढून टाका.