बटणं किती, त्यावर गोष्ट ठरली

पावसाळ्यात बहिणीची दोन्ही पोरं आमच्याकडे सांगलीला, विश्रामबागेत आली, की भडंगाचा डबा आणि टीव्ही दोन्ही आपल्या हातून गेले म्हणायचं. दोघांना रोल-प्लेइंग गेमचं, त्यांच्या भाषेत आरपीजीचं, वेड; म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्टीत शिरायचं. पण थोरल्याला अमेरिकी 'स्कायरिम' लागतो आणि धाकट्याला जपानी 'पर्सोना 5'. परवा थोरला पाऊण तास नुसतं आपल्या पात्राचं नाक घडवत बसला होता. लढाई कधी, विचारलं तर म्हणाला, "मामा, आधी मी कोण ते ठरू दे की!" धाकट्याच्या गेममधल्या नायकाचा चेहरा, शाळा, मित्र सगळं आधीच ठरलेलं. त्यावर थोरल्याचा शेरा: "हा खेळत नाही, सिनेमा बघतो."

दोघांच्या गेमचं मूळ एकच आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. टेबलाभोवती चार-पाच जण, फासे, आणि गोष्ट पुढे नेणारा एक. सांगलीकराला यात नवल वाटू नये. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं भाषणं आयत्या वेळी ठोकायची. पुढे हरिपूरच्या देवलांच्या काळात शब्द न् शब्द लिहिलेली नाटकं आली. थोरला भाव्यांच्या मंडळीत खपला असता, धाकटा देवलांच्या.

मग फाटा फुटला कुठे? माझ्या मते, बटणांवर. 1981 साली ॲपल टू संगणकावर 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' आले. अल्टिमात कीबोर्डच्या जवळजवळ प्रत्येक अक्षराला एक काम होतं. विझर्ड्रीत मंत्राचं नाव टाइप करावं लागे. युजी होरी या जपानी गेमकाराला हे दोन्ही गेम फार आवडले. पण त्याला गेम करायचा होता फॅमिकॉमसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या निन्टेंडोच्या गेमयंत्रासाठी, आणि त्याच्या कंट्रोलरवर दिशांची फुली सोडली तर बटणं चारच. म्हणून 1986 च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये कामांची यादी पडद्यावर आली. जिना उतरायचा तरी यादीतून 'जिना' निवडा. कुणाशी बोलायचं तर आधी 'बोला', मग उत्तर की दक्षिण तेही सांगा!

जागेची तर मारामारच. अख्खा गेम 64 किलोबाइटचा; तुमच्या फोनमधल्या एका फोटोत असे कितीतरी मावतील. खेळ सेव्ह करायलाही सोय नव्हती. त्याऐवजी 20 जपानी अक्षरांचा 'मंत्र' मिळे, तो वहीत उतरवून ठेवायचा. एक अक्षर चुकलं की मेहनत पाण्यात. इतक्या तुटपुंज्या जागेत शंभर वाटा कुठून आणणार? एकच वाट, पण नीट बांधलेली, हे शहाणपणाचं होतं. त्याचीच पुढे जपानी गेमांत परंपरा झाली.

आता आवडीचं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रायन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मांडलं, की गेम गोड लागतो तो तीन भुका भागल्या की: आपल्या मर्जीने वागणं, जमतंय असं वाटणं, आणि कुणाशी तरी नातं जुळणं. 'लेव्हल' वाढण्याचा आकडा दुसरी भूक भागवतो, आणि तो दोन्हीकडे आहे. थोरल्याला पहिलीची ओढ जास्त, धाकट्याला तिसरीची. गेममधला एक मित्र रुसला तर तो जेवायला उशिरा येतो. शिवाय सवय असतेच. जे वारंवार समोर येतं ते आवडू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायंस यांनी 1968 मध्येच दाखवलं होतं, आणि धाकटा हिंदीत आलेल्या जपानी 'डोरेमॉन' कार्टूनवरच वाढलाय.

देशाचा संबंध तसा आता पुसट झालाय. 2022 चा 'एल्डन रिंग' जपानी, पण त्यात हवं तिकडे भटका.

परवा रात्री लाईट गेली. थोरल्याचा गेम आपोआप सेव्ह झालेला. धाकट्याच्या गेमात किल्ल्यासारख्या जागी शिरलं, की ठराविक खोल्यांतच सेव्ह करता येतं. दीड तासाचं खेळणं गेलं. अंधारात जरा वेळ गप्प बसून म्हणाला, "मामा, ते वहीत लिहायचं बरं होतं."