परसातलं बदक कापण्याआधी: नेहमीचं की मस्कोव्ही?

घरच्या कोंबड्या कापायची सवय असलेल्या माणसाला वाटतं, बदक म्हणजे थोडी मोठी कोंबडी. मलाही तसंच वाटलं होतं. त्याहून मोठी चूक म्हणजे माझ्याकडे कोणतं बदक आहे हेच मी पाहिलं नव्हतं. आपण ‘बदक’ या एकाच नावाने दोन निराळे पक्षी पाळतो. कापायचं वय, धरायची रीत, पिसं, चरबी आणि शिजवणं, सगळं त्यावर ठरतं.

पहिलं नेहमीचं. पांढरं पेकिन, खाकी कॅम्पबेल, केरळात कुट्टनाडच्या भातखाचरांत चरणारी ‘चारा’ आणि ‘चेंबल्ली’ नावाची देशी बदकं, या सगळ्यांचा पूर्वज मॅलार्ड हे हिरव्या डोक्याचं रानबदक. दुसरं मस्कोव्ही. ते मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतचं, झाडाच्या ढोलीत अंडी घालणारं. कोलंबस तिकडे पोचण्याआधीच तिथल्या लोकांनी ते माणसाळवलं होतं. ओळख सोपी आहे. डोळ्यांभोवती आणि चोचीच्या मुळाशी लाल, खडबडीत मांस दिसलं तर मस्कोव्ही. त्याचा नर ओरडत नाही, फुसफुसतो. नेहमीच्या बदकात मादी गळा काढून ‘क्वॅक क्वॅक’ करते आणि वयात आलेल्या नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर कुरळी वळलेली असतात. अंडीही सांगतात: नेहमीच्याला उबायला 28 दिवस लागतात, मस्कोव्हीला 35. दोघांचा संकर होतो, पण ती पिल्लं पुढे वांझ निघतात.

आता वय. बदकाच्या बाबतीत वय म्हणजे फक्त वजन नव्हे, पिसांचं वेळापत्रकही. पेकिन 7–8 आठवड्यांचं झालं की पहिली पिसं पूर्ण आलेली असतात. तो मुहूर्त चुकला की नवी पिसं फुटायला लागतात आणि कातडीत रक्ताने भरलेले शेकडो कोंब उभे राहतात. ते चिमट्याने एकेक उपटताना दुपार जाते. मस्कोव्ही सावकाश वाढतं: मादी साधारण 10–11 आठवडे, नर 12–13. पण कॅलेंडरवर विसंबू नका. आदल्या दिवशी छातीची पिसं उलट्या दिशेने फुंकून बघा. काळपट-निळे खुंट दिसले तर खुशाल दोन-तीन आठवडे थांबा. घाईने कापलेलं बदक ताटात खुंटांसकट येतं.

आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी मात्र चालू. पकडताना कोंबडीसारखं पायांना धरून उलटं लटकवू नका. बदकाचे पाय नाजूक, सांध्यातून दुखावतात. पंख अंगाशी दाबून काखेत घ्यायचं. मस्कोव्हीची नखं मात्र फांदीवर बसणाऱ्या पक्ष्याची, टोकदार. पूर्ण वाढलेला नर 5 किलोच्या आसपास जातो आणि पंखाचा तडाखा जोरात बसतो. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा घाला आणि दुसरं माणूस सोबत ठेवा. कोपरा कापलेलं पोतं अंगावर चढवून मान तेवढी बाहेर काढली की पक्षी शांत होतो. गळ्यावरची पिसं दाट, त्यांवरून सुरी घसरते. आधी पिसं बाजूला सारा, मगच जबड्याखाली दोन्ही बाजूंच्या शिरा एका ठाम हाताने कापा. बोथट सुरीने केलेली कुचराई त्या जिवाच्या वाट्याला जाते. रक्त पूर्ण निथळून हालचाल थांबेपर्यंत पाण्यात बुडवू नका.

आजारी पक्षी कापायचाच नाही. 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, ते इथल्या पोल्ट्रीवाल्यांना विसरता येणार नाही. बदकं तो विषाणू काही लक्षण न दाखवताही बाळगू शकतात. म्हणून आसपास साथ असेल तर धडधाकट दिसणारं बदकही कापू नका. एरवीही हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

बदकाच्या पिसांना तेल असतं, साधं गरम पाणी त्यावरून ओघळून जातं. पाणी 65–70 अंश, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, आणि दोन-तीन मिनिटं ढवळत बुडवणं. उकळतं पाणी नको, कातडी फाटते. पिसं गेली तरी खाली लव उरते. ती पेंढ्याच्या झटपट जाळावर काढा, मग पुन्हा धुवा. शेपटीच्या मुळावरची तेलाची पिवळी गाठ दोन्ही जातींत खोल कापून टाका, नाहीतर रस्सा वासट लागतो. पोट उघडल्यावर कलेजी आणि पेटा ठेवा, पित्ताची पिशवी मात्र न फोडता काढा. नराच्या श्वासनळीच्या खालच्या टोकाला हाडाचा पोकळ फुगा लागला तर घाबरू नका, तो आजार नव्हे. नर बदकांना तो असतोच.

खरा फरक आता दिसतो. पेकिनच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. मस्कोव्हीची चरबी कमी, छाती मोठी आणि गडद लाल. दोन्ही लगेच चुलीवर चढवू नका. एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा, ताठलेलं मांस सैल पडतं. पेकिनच्या कातडीला चिरा पाडून थंड तव्यावर, मंद आचेवर ठेवा. चरबी आपोआप सुटते. ती गाळून बरणीत भरा, बटाटे परतायला यापेक्षा चांगलं काही नाही. कोवळ्या मस्कोव्हीचे तुकडे तेल घालूनच परता, कारण स्वतःची चरबी त्यांना पुरत नाही. आणि वर्षभराचा थोराड नर असेल तर तवा विसरा. वाटपाच्या रश्श्यात, झाकण ठेवून, हाड सुटेपर्यंत शिजवा. मला पहिल्या वेळी तीन तास लागले होते.