बूस्ट घसरला? मग काम झालं!

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने घराच्या दारातच आपल्या २००५ सालच्या मिनी कूपर एसला मोठा इंटरकूलर बसवला. संध्याकाळी बूस्ट गेजचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा जादा दाब दाखवणाऱ्या काट्याचा फोटो आला, खाली तक्रार : "मामा, आधी ११ पीएसआय दाखवायचा, आता दहाच्या वर जात नाही. पैसे पाण्यात गेले का?"

तक्रारीचं मूळ एका अर्ध्या खऱ्या समजुतीत आहे. इंटरकूलर हवा गार करतो, गार हवा दाट, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणून ताकद जास्त. टर्बोच्या, म्हणजे धुराच्या झोतावर फिरणारा हवेचा पंप असलेल्या गाडीला हे चोख लागू पडतं. मिनीत मात्र सुपरचार्जर आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणाऱ्या या पंपाची गंमत वेगळी आहे, आणि ती मला फार आवडते.

या मिनीचं इंजिन १.६ लिटरचं. त्यावर ईटन कंपनीचा एम४५ ब्लोअर, म्हणजे हाच सुपरचार्जर. नावातला ४५ म्हणजे एका फेऱ्याला ४५ घन इंच हवा, साधारण ७४० घन सेंमी. इंजिन चार स्ट्रोकचं, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा भरणारं असल्याने क्रँकच्या एका फेऱ्यात ते ८०० घन सेंमी ओढतं. पुलींचं गुणोत्तर असं, की क्रँक एकदा फिरला की ब्लोअर दोनदा फिरतो. म्हणजे इंजिन ८०० मागतं आणि ब्लोअर त्याच्या गळ्यात जवळजवळ १,५०० ओततो. काही हवा रोटरच्या फटींतून मागे गळते. ती वजा केली तर मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतली) हवा बाहेरच्या हवेच्या ढोबळमानाने १.६ पट दाट होते.

आता शाळेतलं वायूचं समीकरण काढा. दाब हा घनता आणि निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. घनता ब्लोअरच्या फेऱ्यांनी आधीच ठरवून टाकली आहे. बाहेर २७ अंश, म्हणजे ३०० केल्विन धरू. मॅनिफोल्डमध्ये हवा ११० अंशांना पोचली तर दाब १.६ × ३८३/३००, म्हणजे वातावरणाच्या दुपटीला थोडा जास्तच. तीच हवा ५० अंशांना आणली तर १.६ × ३२३/३००, म्हणजे १.७२ पट. हवेचं वजन तेवढंच, ऑक्सिजनचे रेणूही तेवढेच, फक्त दाब उतरला. गेज हवा मोजत नाही, दाब मोजतो. टर्बोत उलट घडतं : तिथे वेस्टगेट (जादा धूर बाजूने सोडणारी झडप) दाब धरून ठेवतो, त्यामुळे तापमान उतरलं की घनता वाढते.

मग सुपरचार्जरवाल्याला मिळतं काय? दाब कमी म्हणजे ब्लोअर फिरवायला इंजिनाची ताकद कमी खर्च होते आणि मागे गळणारी हवाही घटते, म्हणजे ऑक्सिजन थोडा वाढतोही. पण खरा फायदा स्पार्कच्या वेळेत आहे. तापलेलं मिश्रण स्पार्कची ज्योत पोचण्याआधीच जागोजागी पेटतं, इंजिन नॉक करतं. नॉक सेन्सरने ते ऐकलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्पार्क उशिरा देतो आणि ताकद तिथे जाते. गार हवेला ही शिक्षा होत नाही.

हवा एवढी का तापते, हेही पाहण्यासारखं आहे. एम४५सारखा रूट्स जातीचा ब्लोअर आत हवा दाबतच नाही. तीन पाकळ्यांचे दोन रोटर हवा खोबणीत घेऊन फक्त पलीकडे नेऊन सोडतात. खोबण पलीकडे उघडली की तिथली दाबाखालची हवा उलटी आत घुसते आणि सगळं एका फटक्यात दाबलं जातं. दाब १.७५ पट (म्हणजे गेजवर ११) करायला आदर्श पद्धतीने ५२ अंशांची वाढ पुरते, रूट्सला गळती शून्य धरली तरी ६४ लागतात. प्रत्यक्षात ८५च्या आसपास. यातले ६० अंश काढायचे तर पूर्ण थ्रॉटलला सेकंदाला सुमारे दीडशे ग्रॅम हवेमागे नऊ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. बाथरूममधले चार गीझर एकदम लावावेत तेवढी! मोठा इंटरकूलर लागतो तो यासाठी.

याच हिशेबात ऑनलाइन मिळणाऱ्या 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर'चं पितळ उघडं पडतं. एम४५ला अशा वेळी बारा-तेरा किलोवॉट लागतात. बारा व्होल्टच्या बॅटरीतून तेवढे काढायचे तर हजारावर अँपिअर हवेत. दोन बारीक वायरींवरचा तो पंखा फार तर मालकाचं डोकं गार करील. ताकद वाढवतं म्हणून पेट्रोलच्या नळीला लावायचं लोहचुंबक तर त्याहून पुढचं, त्याला वायरसुद्धा नसते.

बसवण्याचं काम अवघड नाही. या मिनीत इंटरकूलर इंजिनाच्या माथ्यावर, बॉनेटच्या स्कूपखालीच असतो. झाकण काढायचं, दोन्ही टोकांच्या रबरी बूटांचे (जोडनळ्यांचे) क्लॅम्प सोडायचे, कूलर उचलायचा. लगेच दोन्ही उघड्या तोंडांत स्वच्छ फडकी कोंबायची, कारण तिथे पडलेला स्क्रू थेट सिलिंडरची वाट धरतो. बूटांत तेलाचा ओशटपणा हमखास असतो. तो पुसला नाही, तर दाब आला की बूट सटकतो.

इथेच भाच्याच्या प्रश्नाला खरी अडचण येते, कारण सटकलेल्या बूटानेही बूस्ट घसरतोच. फरक ओळखायला ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान पाहावं. ते आधीपेक्षा उतरलं असेल आणि गाडी तितकीच किंवा जास्त जोमाने उचलत असेल, तर ठीक. फुस्स आवाज येतो, गाडी मरगळलेली वाटते, तर क्लॅम्प पुन्हा आवळा. स्कूप आणि कूलर यांच्यामधली फोमची पट्टीही तपासावी. ती नीट बसली नाही तर वारा जाळीतून जाण्याऐवजी बाजूने निसटतो. आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिनाच्या माथ्यावरचा कुठलाही कूलर तापणारच. मोठा जरा उशिरा तापतो, पण निवतोही उशिरा.

भाच्याच्या गाडीत हवेचं तापमान वीसेक अंशांनी उतरलं होतं. गेजवर ११ पुन्हा पाहायचेच असतील तर ब्लोअरची पुली लहान करावी लागेल. तिथे मात्र हवा खरंच वाढते, आणि उष्णताही. पुली काढायला योग्य पुलर लागतो. तो नसेल तर हातोडी घेऊन बसू नकोस, एवढं त्याला कळवलं आहे.