इंटरलॉकमधले बदल आणि ‘लाइक टू लाइक’ची सवलत : पार्श्वभूमी

वाळूजच्या औषध कारखान्यातला रिअॅक्टर असो की मराठवाड्यातल्या एखाद्या साखर कारखान्याचा सहवीजनिर्मितीचा बॉयलर, सेफ्टी इंटरलॉकला (धोका दिसताच यंत्र आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेला) हात लावण्याआधी चेंज नोट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, लिहावी, यावर कुणाचे दुमत नसते. नोट नेमकी कोणत्या बदलाला लागते, यावर मात्र इन्स्ट्रुमेंट आणि प्रॉडक्शन विभागांत आजही खटके उडतात. त्या वादाचे मूळ १९९२ सालच्या एका सवलतीत आहे.

त्याआधी १९७४ मध्ये इंग्लंडातल्या फ्लिक्सबरो इथे, काढून टाकलेल्या रिअॅक्टरच्या जागी जोडलेला तात्पुरता पाइप निकामी झाला आणि स्फोटात २८ कामगार गेले. भोपाळनंतर आपल्याकडे १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण आले, १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले. सुरक्षा अहवालातल्या तपशिलांवर ठोस परिणाम करणारा बदल असेल तर ९० दिवस आधी सुधारित अहवाल द्यावा, असे हे नियम सांगतात. एका ट्रान्समीटरच्या (मोजमाप सिग्नलने कळवणाऱ्या उपकरणाच्या) अदलाबदलीसाठी मात्र कुणी असा अहवाल पाठवत नाही.

अतिघातक रसायनांच्या प्रक्रियांसाठीच्या १९९२ च्या अमेरिकी नियमाने अशा प्रक्रियेवर परिणाम करणारा लहानमोठा प्रत्येक बदल लेखी तपासणीखाली आणला. त्यातून सूट मिळाली ती मूळ डिझाइन स्पेसिफिकेशनला उतरणाऱ्या बदलीला, म्हणजे प्लांटवरच्या भाषेत ‘लाइक टू लाइक’ला. गॅस्केट किंवा पंपाच्या बाबतीत ही सूट रास्तच आहे. इंटरलॉकच्या बाबतीत ती घातक ठरू शकते, कारण तिथे स्पेसिफिकेशन बहुधा अर्धेच लिहिलेले असते.

बॉयलरच्या ड्रम लेव्हलचा, म्हणजे ड्रममधल्या पाण्याच्या पातळीचा, ट्रान्समीटर घ्या. रेंज तीच, ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल तोच, मेक तोच. जुना बिघडला की त्याचा सिग्नल ३.६ च्या खाली जायचा. लो लेव्हल ट्रिप यायची, बॉयलर बंद व्हायचा. स्टोअरमधून आलेल्या नव्याचे सेटिंग उलटे असेल, तर बिघडल्यावर त्याचा सिग्नल २१ च्या वर जातो. रेंजबाहेरचा सिग्नल बिघाड म्हणून ओळखायची सोय लॉजिकमध्ये नसेल, तर पॅनेलवर ड्रम भरलेला दिसतो आणि पाणी उतरले तरी ट्रिप येत नाही. फीड वॉटर कंट्रोलही त्याच सिग्नलवर असेल, तर व्हॉल्व्ह मिटत जातो आणि पाणी आणखी वेगाने उतरते. कॅलिब्रेशनमध्ये यातले काहीच पकडले जात नाही, तिथे हा ट्रान्समीटर पास होतो.

इंटरलॉकसारख्या सुरक्षा यंत्रणांसाठीचे आयईसी ६१५११ हे आंतरराष्ट्रीय मानक २००३ मध्ये आले. २००४ मध्ये अमेरिकेने ते स्वीकारताना जुन्या यंत्रणांना आणखी एक मुभा दिली : यंत्रणा सुरक्षित चालते अशी मालकाने खात्री करून घेतली, तर ती तशीच ठेवता येईल. पण अशा जुन्या यंत्रणेतला एक भाग बदलला, तर नवे मानक तेवढ्या भागाला लागू होते की पूर्ण लूपला (ट्रान्समीटरपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या साखळीला)? यावर पुढे बराच खल झाला.

२०१६ च्या आवृत्तीत बायपास चालू असतानाच्या (इंटरलॉक तात्पुरता निष्क्रिय ठेवला असतानाच्या) पर्यायी उपायांवर भर आला, सायबर धोक्यांचे मूल्यमापन आले. ‘लाइक टू लाइक’ची सूट कायम राहिली, पण तिची व्याख्या आवळली गेली : तंतोतंत तसाच भाग, किंवा बसवलेल्या यंत्रणेत फेरफार करावा लागणार नाही असा मंजूर पर्याय. पर्याय मंजूर करताना बिघाडाची दिशा, डॅम्पिंग (सिग्नलचे चढउतार संथ करणारे सेटिंग) आणि फर्मवेअरची (उपकरणातल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती पाहिलीच पाहिजे. साखर कारखान्यांत अशा बदल्या ऑफ सीझनमध्ये होतात. बॉयलर अग्निप्रदीपनाआधी बिघाडाचा सिग्नल मुद्दाम देऊन ट्रिप येते का, हे पाहायला तेव्हा वेळही असतो.