मेहनताना आणि वाटा: माजी सैनिकांच्या पेन्शनमधला जुना घोळ

माजी सैनिकांची पेन्शनची कागदपत्रे करून देणाऱ्यांबद्दल ठाणे-नवी मुंबईत एक ठोकताळा सर्रास ऐकू येतो: आधी पैसे मागणारा लबाड आणि ‘काम झाल्यावरच द्या’ म्हणणारा सज्जन. माझ्या मते हा ठोकताळा नेमका उलटा आहे.

अर्ज कसा भरावा, ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत हयातीचा दाखला कसा नोंदवावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. नसल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विनामूल्य मार्गदर्शन मिळते. (खारघर-कामोठेकरांचा जिल्हा रायगड आहे, ठाणे नव्हे.) ओटीपी कोणालाही सांगू नये, हे तर पाठच झाले असेल.

मेहनताना केलेल्या कामाचा असतो. अर्ज लिहिला, झेरॉक्स काढल्या, ठरलेले पैसे घेऊन पावती दिली, की पेन्शन मंजूर होवो वा न होवो, हिशेब मिटतो. ‘काम झाल्यावरच द्या’ म्हणणारा मागतो तो वाटा मात्र तुमच्या हक्काच्या रकमेवर असतो आणि ती वाढवणे त्या माणसाच्या हाती नसते, कारण अपंगत्व किती टक्के हे वैद्यकीय मंडळ ठरवते.

ऐरोलीच्या एका निवृत्त नायब सुभेदारांनी मला ५०० रुपयांचा मुद्रांक दाखवला. त्यावर ‘सल्ला शुल्क’ या गोंडस नावाखाली, मंजूर होणाऱ्या अपंगत्व पेन्शनमधून पुढील तीन वर्षे ३० टक्के रक्कम देण्याचे लिहून घेतले होते. शिवाय सही केलेले चार कोरे धनादेश घेतले होते. शुल्क म्हटल्याने वाट्याचे शुल्क होत नाही. अद्याप देय न झालेल्या पेन्शनबाबत पेन्शनधारकाने केलेला असा करार १८७१ च्या पेन्शन कायद्याच्या कलम १२ नुसार रद्दबातल ठरतो. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलालासुद्धा निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. मग या स्वयंघोषित ‘सल्लागारां’ना (मी त्यांना दलालच म्हणतो) ती मुभा कोणी दिली?

करारच रद्दबातल असल्यामुळे मुद्रांकापेक्षा, कोणतीही रक्कम भरून वटवता येतील अशा त्या कोऱ्या धनादेशांची काळजी अधिक होती. त्याच दुपारी नायब सुभेदारांनी चारही धनादेशांचे क्रमांक लिहून बँकेला ते थांबवण्याचे पत्र दिले आणि त्याची पोच घेतली. सल्लागार महाशयांचा फोन संध्याकाळीच आला. ‘मंजुरी आली नाही तर मी एक पैसाही घेणार नव्हतो,’ असे ते दुखावलेल्या स्वरात सांगत होते.